ऐकतोय मी

गेली दोन वर्षं आमच्या घरी एक समज पक्का झाला होता - बाबांचं आता कशात लक्ष नसतं. मी ऑफिसमधलं काही सांगायला लागलो की त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. "बाबा, झोप आली असेल तर आत जाऊन पडा ना!" असं मी कितीतरी वेळा म्हटलंय. "अरे, ऐकतोय मी," ते म्हणायचे. मला ते खरं वाटायचं नाही. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या स्कूटरची किल्लीही काढून घेतली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं, चष्म्याचा नंबरही बरोबर. मग पेपर वाचताना ते पापणी बोटाने वर का धरतात? हा प्रश्न पडायला मला दोन वर्षं लागली. आणि म्हणे बग शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा!

डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी दोनदा केली. एकदा पापण्या होत्या तशाच ठेवून, एकदा पट्टीने वर चिकटवून. पहिल्या वेळी वरचा बराच भाग बाबांना दिसतच नव्हता. पापणी उचलणाऱ्या स्नायूला लेव्हेटर म्हणतात. तो पापणीला ज्या पातळ पडद्याने जोडलेला असतो, तो वयानुसार ताणतो, कधी सुटतोही. थोडक्यात, मोटर ठीक, दोरी सैल. मग माणूस भुवया ताणून कपाळाच्या जोरावर पापण्या उचलतो. संध्याकाळी कपाळ दुखतं, ही बाबांची तक्रार आम्ही नेहमी हसण्यावारी न्यायचो...

ऑपरेशनला फक्त त्या जागेपुरती भूल. पेशंट जागा हवा, कारण टाका घालताना डॉक्टर "डोळे उघडा, वर बघा" म्हणत पापणीची उंची जुळवतात. त्याच दिवशी घरी. मग काही दिवस सूज, काळेनिळे डोळे, बर्फाचा शेक आणि थेंब.

(पापणी अशी हळूहळू न उतरता अचानक उतरली, किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र वाट बघू नका. तडक हॉस्पिटल गाठा.)

सूज उतरल्यावर आरामखुर्चीत बसून बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "पंखा शेवटचा कधी पुसला होतास रे?"

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर किल्ली परत दिली. सॉरी म्हणायचं राहूनच गेलंय.

आता मी बोलत असताना बाबा पूर्वीसारखेच गप्प असतात. मधेच एखादा नेमका प्रश्न विचारतात, तोही पूर्वीसारखाच. फक्त डोळे उघडे असतात, एवढंच.

म्हणजे तेव्हाही ऐकतच होते की!