आडरानांतील वाटा

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें काय करावें याविषयीं आपल्याकडे फारसा मतभेद नाहीं. त्यानें सकाळीं फिरावयास जावें, साखर कमी खावी, जमल्यास ज्ञानेश्वरी हातीं धरावी आणि मुलांच्या संसारांत न विचारतां सल्ला देऊं नये, एवढ्यावर सर्वांचें एकमत होईल. आम्हीं यांतील पहिल्या तीन गोष्टी करून पाहिल्या. चौथीचा प्रयत्न अजून चालू आहे. परंतु त्यांत भर म्हणून त्रेपन्नाव्या वर्षीं आम्हीं चारही चाकांस बळ पोंचविणारी एक जुनी गाडी विकत घेतली, आणि डांबरी सडक जेथें संपते तेथून पुढें ती हांकण्याचा छंद लावून घेतला. आमच्या सौ. याला छंद म्हणत नाहींत. त्यांचा शब्द निराळा आहे. तो छापण्याजोगा असला तरी आमच्या प्रतिष्ठेस शोभण्याजोगा नाहीं.

या छंदाचें मूळ स्थलांतरांत आहे. पुण्यास पंचवीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविल्यावर चार वर्षांपूर्वीं आम्ही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील प्रिन्स जॉर्ज या गांवीं अध्यापनासाठीं आलों. व्हँकूव्हरपासून सडकेनें उत्तरेस सुमारें ७८० किलोमीटरांवर, नेचाको व फ्रेझर या नद्यांच्या संगमीं हें गांव वसलें आहे. येथील मूळच्या लोकांच्या नांवाचा अर्थच ‘संगमावरील लोक’ असा आहे. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ज्याचें बालपण गेलें, त्याला हा शुभशकुन वाटावा यांत नवल नाहीं. परंतु शकुनावर दिवस निघत नाहींत. हिवाळ्यांत दिवस साडेसात तासांचा, उन्हाळ्यांत रात्र नांवापुरती, आणि आमच्या मराठीला घराच्या उंबऱ्याबाहेर काम नाहीं. रविवारीं काय करावें असें कोणास विचारलें तर एकच उत्तर मिळे, ‘रानांत जा.’ म्हणून आम्ही रानांत जाऊं लागलों.

रानांत जावयाचें म्हणजे रस्ता पाहिजे, आणि रस्ता शोधावयाचा म्हणजे नकाशा पाहिजे, अशी आमची पुस्तकी समजूत होती. नकाशा उघडला तों आम्ही चकित झालों. लांकूडतोड, खाणी, तेल व वायु यांच्यासाठीं या प्रांतांत जे कच्चे रस्ते काढले आहेत, त्यांची लांबी सहा लाख किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला सुमारें पंधरा वेढे बसतील. इतक्या वाटा असतां वाट सांपडण्यास अडचण ती कसली?

अडचण अशी कीं, त्यांतील पुष्कळ रेषांच्या जागीं आज रस्ता नाहीं. एखाद्या टेकडीवरील लांकूड निघालें, कीं तेथील रस्ता मुद्दाम मोडतात. मोऱ्या उपसून काढतात, पूल उचलून नेतात, आणि पावसाच्या लोंढ्यानें उतार वाहून जाऊं नये म्हणून रस्त्यावर ठिकठिकाणीं आडवे चर खणतात. मग आल्डर व वाळुंज यांची दाट झुडपें उगवतात आणि थोड्याच वर्षांत तेथें रस्ता होता हें झाडांच्या उंचीवरूनच ओळखावें लागतें. दुसरी एक जात हिवाळी रस्त्यांची. ते गोठलेल्या दलदलीवरून जातात. जानेवारींत त्यांवरून मोठा ट्रक जाईल, जुलईंत कुत्रेंही जाणार नाहीं. शिवाय वसंतांत बर्फ वितळूं लागलें कीं चांगल्या रस्त्यांचाही चिखल होतो आणि लांकडाची वाहतूक कित्येक आठवडे थांबते. नकाशा यांतील कांहींच सांगत नाहीं. नकाशा ही रस्त्याची जन्मपत्रिका आहे. रस्ता मेला तर तो शोक करीत नाहीं.

चालू रस्त्यांवर भय निराळें असतें. वळणापलीकडून ओंडक्यांनीं भरलेला अजस्र ट्रक केव्हां येईल याचा नेम नाहीं. म्हणून रस्त्याच्या तोंडाशीं, बिनतारी यंत्राची कोणती वाहिनी लावावी याची पाटी असते, आणि पुढें कडेला किलोमीटरांचे आंकडे असतात. गाडी हांकणारानें अधूनमधून रस्त्याचें नांव, किलोमीटरचा आंकडा आणि आपण ‘वर’ जात आहों कीं ‘खालीं’ येत आहों, एवढें उच्चारावयाचें असतें. आंकडे वाढत गेले म्हणजे वर, कमी होत गेले म्हणजे खालीं. ऐकणारा कोण आहे, किंबहुना तो आहे कीं नाहीं, हें ठाऊक नसतां स्पष्ट आवाजांत बोलत राहणें ही विद्या आम्हांस पंचवीस वर्षांच्या अध्यापनानें उत्तम साधली होती.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. तीस वर्षें त्यांनीं ओंडक्यांचा ट्रक हांकला आहे. आमची गाडी पाहून ते म्हणाले, “प्रोफेसर, रस्ता नकाशाला विचारूं नका. गेल्या आठवड्यांत जो त्यावरून आला असेल, त्याला विचारा.” हें वाक्य आम्हांस इतकें मार्मिक वाटलें कीं आम्हीं तें पुण्याच्या दोन मित्रांस पत्रांतून कळविलें. मनावर मात्र घेतलें नाहीं.

दुसऱ्या वर्षींच्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. शनिवार होता. दोन खोऱ्यांना जोडणारी एक बारीक रेषा नकाशावर आम्हांस दिसली. एका खोऱ्यांतून चढावें आणि दुसऱ्यांतून उतरावें असा बेत ठरला, कारण आल्या वाटेनें परत जाणें त्या काळीं आम्हांस कमीपणाचें वाटे. पहिला चर आला, तो ओलांडला. दुसरा आला, तोही ओलांडला. तिसऱ्याशीं सौ. म्हणाल्या, “अहो, हे चर कुणीतरी उगाच खणले नसतील.” परंतु तोंवर मागें दोन चर पडले होते, आणि मागच्या चरांचें भय दाखवून आम्हीं पुढचा चर ओलांडला. शेवटीं एक ओढा लागला. दोन्ही कांठांवर पूल टेकविण्यासाठीं रचलेले ओंडके होते. मधला पूल नव्हता.

“पूल नाही, म्हणजे रस्ता नाही. फिरवा गाडी,” सौ. म्हणाल्या.

आम्हीं काठीनें पाण्याची खोली मोजली. ती कांठाशीं मोजली, मध्यभागीं नाहीं. आणि त्या मापावर विसंबून गाडी ओढ्यांत घातली. पुढचें चाक दोन धोंड्यांमध्यें रुतलें, गाडी कलली, यंत्र बंद पडलें. पाणी दरवाज्याच्या उंबऱ्यापर्यंत आलें होतें, त्यामुळें जीव धोक्यांत नव्हता; परंतु संध्याकाळचे पांच वाजले होते, खिशांतील फोन शहर सोडल्यापासून मुका होता, आणि बिनतारी यंत्रावर आम्ही तासभर आपला ठिकाणा ओरडून सांगितला तरी उत्तर आलें नाहीं. येणार कोठून? ज्या रस्त्यावर पूल नाहीं, त्यावर ट्रक कशाला येईल?

सात वाजतां सूर्य मावळला. गाडींतील दोन ब्लँकेटें आणि डब्यांतील चार पोळ्या घेऊन आम्ही कांठावर एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला शेकोटी करून बसलों. थंडी वाढत होती. आठ वाजले तेव्हां आम्ही दोघेही एकदम गप्प झालों.

याचें कारण सांगितलें पाहिजे. कऱ्हाडास आमच्या मातुःश्री असतात. वय पंच्याऐंशी. दर शनिवारीं रात्रीं आठ वाजतां, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणें तिकडे रविवारीं सकाळीं साडेआठला, आम्ही त्यांस फोन करतों. अंघोळ, पूजा आटोपून त्या फोन मांडीवर घेऊन बसतात, आणि बोलणें झाल्यावांचून चहा घेत नाहींत. आम्ही देश सोडून निघालों तेव्हां त्यांनीं आडकाठी केली नाहीं, फक्त म्हणाल्या, “शनिवार चुकवूं नकोस.” तो आज चुकत होता, आणि कोणत्याही मोठ्या कारणानें नव्हे, तर एका प्राध्यापकास गाडी मागें फिरविण्याची लाज वाटली म्हणून. त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मांडीवर फोन घेऊन बसलेली ती मूर्ति डोळ्यांपुढून हलेना. घर सोडून आपण किती दूर आलों आहों याचा हिशेब आम्हीं आजवर मैलांत केला होता. परदेशीं राहणाऱ्या मुलाला ज्या बातमीचें सदैव भय असतें, ती उलट दिशेनें, आमच्याकडून तिकडे जाऊं शकते, हा विचार त्या रात्रीं आमच्या मनांत प्रथमच आला.

सकाळीं नऊच्या सुमारास ओढ्याच्या अलीकडे इंजिनाचा आवाज झाला. आमचे वृद्ध शेजारी एका मित्रास व लोखंडी दोरखंड गुंडाळणाऱ्या चरख्याच्या ट्रकास घेऊन आले होते. आम्ही कोणत्या रस्त्यानें जात आहों व केव्हां परतूं, याची चिठ्ठी सौ. नीं निघतांना त्यांच्या दाराला लावून ठेविली होती. आम्हांस याची वार्ताही नव्हती. गाडी वर ओढून झाल्यावर ते गृहस्थ त्या ओंडक्यांकडे पाहून म्हणाले, “हा पूल उचलला तेव्हां मी येथें होतों. माझ्याच ट्रकवरून तो नेला. विचारलें असतेंत तर चहा पितां पितां सांगितलें असतें.”

घरीं पोंचून फोन केला तेव्हां कऱ्हाडास रात्रीचा एक वाजला होता. पहिल्या घंटेसच तो उचलला गेला. मातुःश्रींनीं सर्व हकीकत मुकाट्यानें ऐकून घेतली आणि विचारलें, “अरे, पण निघण्याआधी कुणाला विचारायला काय झालं होतं?” नंतर सूनबाई जेवली कीं नाहीं याची चौकशी केली. मग धाकट्या भावजयीस हांक मारून त्यांनीं चहा टाकावयास सांगितलेलें आम्हांस ऐकूं आलें.

त्या हिवाळ्यांत गाडी बर्फाखालीं होती व आम्ही ग्रंथालयांत होतों. तेथें दोन प्रवाशांच्या हकीकती आम्हांस भेटल्या. पहिला शार्ल बेदो. मजुराच्या श्रमाचें मिनिटामिनिटानें माप घेण्याची पद्धत विकून यानें अपार संपत्ति मिळविली होती. १९३४ च्या जुलईंत, मागें चाकांऐवजीं पट्टे बसविलेल्या पांच सिट्रोएन गाड्या, शंभराहून अधिक घोडे, आणि चित्रपट घेणारी मंडळी बरोबर घेऊन तो एडमंटनहून निघाला. याच प्रांताचा उत्तर भाग मोटारीनें ओलांडावयाचा त्याचा संकल्प होता. पाऊस व चिखल यांपुढें मोटारींचें कांहीं चालेना. त्यांचें पेट्रोल घोड्यांच्या पाठीवरून वाहावें लागे. शेवटीं चित्रपटासाठीं दोन गाड्या कड्यावरून लोटून दिल्या. एक तराफ्यावर चढवून सुरुंगानें उडविण्याचें ठरलें, तर सुरुंग उडालाच नाहीं आणि गाडी वाहत जाऊन वाळूच्या बेटाला लागली. पुढें घोड्यांचे खूरही सडले आणि ऑक्टोबरांत सर्वांना परतावें लागलें. आमच्या ओढ्याची आठवण होऊन आम्हांस त्याचें हंसूं आलें नाहीं.

दुसरा अलेक्झांडर मॅकेन्झी. १७९३ सालीं तो होडींतून फ्रेझर नदीनें खालीं चालला होता. वाटेंत भेटलेल्या लोकांस त्यानें विचारलें. त्यांनीं सांगितलें, नदी पुढें भयंकर आहे. मागें फिरा आणि आमच्या पायवाटेनें समुद्राकडे जा. मॅकेन्झी खरोखरच मागें फिरला. प्रवाहाच्या उलट होडी नेऊन, मग ती ठेवून देऊन, सुमारें पंधरवडा त्या वाटेनें चालला आणि जुलईंत पॅसिफिक समुद्रावर पोंचला. ती वाट शेंकडों वर्षांची होती. समुद्रकांठच्या नुहाल्क लोकांकडून युलाखॉन नांवाच्या लहान माशाचें तूप आंतल्या डाकेल्ह लोकांकडे त्या वाटेनें येई, म्हणून तिला आजही तुपाची वाट असें म्हणतात. मॅकेन्झीनें समुद्रावरील एका खडकावर वितळलेल्या चरबींत हिंगूळ कालवून आपलें नांव व तारीख लिहिली. ज्यांनीं त्याला वाट सांगितली त्यांचीं नांवें त्या खडकावर नाहींत. आपल्या बोरघाटांतील शिंग्रोबाची दंतकथा आम्हांस येथें आठवली. इंग्रजांना घाटाची वाट त्या धनगरानें दाखविली असें सांगतात. निदान त्याचें देऊळ तरी घाटांत उभें आहे.

आतां आमची रीत बदलली आहे. रेषा नकाशावर दिसली कीं आम्ही प्रथम वनखात्याच्या कचेरींत विचारतों, मग ट्रकवाले सकाळीं कॉफीला बसतात तेथें, आणि भूमि ज्या लोकांची, त्यांच्या कचेरींत वाटेसंबंधीं व परवानगीसंबंधीं दोन्हीं. चिठ्ठी आम्ही स्वतः लिहितों. उपग्रहाच्या द्वारें निरोप धाडणारें एक चिमुकलें यंत्र गाडींत असतें. पहिल्या चराशीं उतरून पायीं पुढें जातों, आणि दुसरा चर दिसला कीं परततों. या रीतीनें सांपडलेल्या वाटा नकाशावरील वाटांच्या मानानें फारच थोड्या आहेत. आमच्या वहींत आजवर एकोणीस नोंदल्या आहेत, आणि प्रत्येकीपुढें ती ज्यानें सांगितली त्याचें नांव आहे.

गेल्या जूनमध्यें आम्ही ब्लॅकवॉटर नदीशीं त्या तुपाच्या वाटेवर गेलों होतों. गाडी दूर ठेविली, कारण ती वाट माणसाच्या पायांसाठीं आहे. पाइनच्या झाडांतून पाऊणएक तास चाललों. वाट अरुंद, पण खोल झिजलेली होती. पुढें काय आहे तें पाहावयाची फार इच्छा होती; परंतु शनिवार होता आणि घड्याळांत साडेतीन झाले होते. सौ. कांहीं बोलावयाच्या आंतच आम्ही मागें वळलों. परततांना बिनतारी यंत्रावर आंकडे सांगत आलों, चाळीस खालीं, तीस खालीं, वीस खालीं. कोणी उत्तर दिलें नाहीं. शून्याच्या पाटीपाशीं डांबर लागलें, आणि शहराजवळ आल्यावर खिशांतील फोनला कंठ फुटला. आठाला दहा मिनिटें होतीं.