खर्जाची ऊब

जुन्या ध्वनिमुद्रिका आवडीने ऐकणाऱ्यांना एक अनुभव हमखास आलेला असतो. गायकाचा आवाज, व्हायोलिने, बासरी यांच्या खाली, अगदी तळाशी, एक मऊ खर्ज चालत असतो. तो कोणत्या वाद्याचा, हे बहुतेकांना सांगता येत नाही. पण तो काढून घेतला, तर गाणे पायाखालची जमीन सरकल्यासारखे लटके पडते. हा खर्ज पूर्वी पुरुषभर उंचीच्या डबल बेसचा असे आणि पुढे बेस गिटारचा झाला. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ हे त्यांपैकीच एक. ऐकणाऱ्यांनी त्यांचा स्वर आयुष्यभर कानात साठविला. नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक झाले.

आदिलाबादच्या मराठी घरांनी या वाद्याची चौकशी कशासाठी करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या भजनी मंडळात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा पलीकडे गेले आणि आमची गावे पैनगंगेच्या या तीरावर राहिली. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पाट्यांची, शाळांची, कचेऱ्यांची भाषा आमची नव्हे, याची आम्हांस सवय आहे. मुले तेलुगू आणि इंग्रजीत शिकतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे त्यांची मराठीशी गाठ पडण्याच्या जागा थोड्या उरल्या आहेत. एक स्वयंपाकघर, दुसरी एकादशीचे भजन. त्या भजनात आमच्या पखवाजीकाकांचे हात वयोमानाने थकू लागले आणि त्यांच्या शेजारी बसायला तरुणांपैकी कोणी येईना. आमच्या पुतण्याने हाती घेतले ते वाद्य बेस गिटार. त्यामुळे प्रश्न सरळ झाला : हे वाद्य भजनात बसवायचे, की मुलाला भजनाबाहेर बसवायचे?

पहिल्या प्रयोगात वाद्य बसले नाही. तारांची झणझण टाळांच्या वर चढली. बुवा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "बाळा, तुझा स्वर शब्दांच्या पुढे पळतो. त्याला मागून चालता येईल का?" नवल असे की, पुतण्यालाही तेच हवे होते. तो ज्याला 'जुना टोन' म्हणत होता आणि बुवा ज्याला 'मागून चालणे' म्हणत होते, ती एकच गोष्ट होती. शहरातील एका दुकानदाराने त्यासाठी महागडा यांत्रिक डबा सुचविला. तो परवडण्यासारखा नव्हता, आणि तो घेण्याची गरजही पडली नाही.

या वाद्याच्या इतिहासातच त्याचे उत्तर होते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन' बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिला डबल बेसची जागा घ्यायची होती. डबल बेसचा स्वर गोल उमटतो आणि लवकर विरतो. म्हणून त्या काळच्या गिटारांत घोडीवर धातूचे झाकण असे आणि त्याच्या आत तारांना हलकेच टेकणारी मऊ पट्टी बसविलेली असे. ताराही निराळ्या असत. आज सर्रास मिळणाऱ्या तारेवर गोल तारेचे वेष्टन असते. तिच्या खाचांवरून बोट सरकले की खरखर होते आणि स्वर लखलखीत येतो. जुन्या तारेवर चपट्या पट्टीचे गुळगुळीत वेष्टन असे; तिचा स्वर मुळातच शांत. अमेरिकेत डेट्रॉइटच्या 'मोटाऊन' कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजविणारे जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) अशाच चपट्या वेष्टनाच्या तारा वापरीत, त्या सहसा बदलीत नसत आणि बहुतेक सगळे वादन उजव्या हाताच्या एका तर्जनीने करीत. त्यांच्या हातून आलेल्या त्या दबलेल्या, उबदार खर्जाचा शोध जगभरचे वादक आजही घेत असतात.

पुतण्याने हे सारे घरच्या घरी करून पाहिले. चपट्या वेष्टनाच्या तारा आणविल्या. गादीतल्या स्पंजाची बोटभर रुंद पट्टी कापून घोडीच्या पुढे तारांखाली सरकविली. ती तारांना जेमतेम टेकली पाहिजे. दाबून बसविली की स्वर मरतो आणि नुसता ठोका उरतो. तार छेडायची ती घोडीजवळ नव्हे, तर मानेच्या बाजूला, आणि नखीने किंवा नखाने नव्हे, तर अंगठ्याच्या मांसल भागाने. स्पंज नसेल तेव्हा उजव्या तळहाताची कड घोडीपाशी तारांवर टेकविली तरी तेच काम होते. गिटारवरचे 'टोन'चे बटण उतरविले की वरचे तीक्ष्ण स्वरांश गळतात. अॅम्प्लिफायरवरही तीव्र स्वर कमी ठेवायचे; पण खर्ज वाढवायचा मोह आवरायचा, कारण सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छत असलेल्या सभामंडपात तो घुमून अभंगाचे शब्द गिळतो.

स्पंजाची पट्टी पाहून पखवाजीकाका हसले. "अरे, ही तर आमची कणीक!" असे ते म्हणाले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर दर खेपेस ताजी भिजविलेली कणीक लावतात आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढतात. कणकेच्या वजनाने चामड्याचा स्वर खाली उतरतो. स्पंजाने तार उतरत नाही, तिचा स्वर फक्त लवकर विरतो. दोहोंमध्ये हा फरक आहेच. परंतु हेतू एक : वाद्याची चमक थोडी काढून घ्यायची आणि गाणाऱ्याला जागा करून द्यायची. त्या संध्याकाळी काका आणि पुतण्या यांच्यात वाद्यांवरून जे बोलणे झाले, तेवढे त्यापूर्वी वर्षभरात झाले नसेल. ते सारे मराठीत झाले, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो.

एक खुलासा येथे केला पाहिजे. आम्ही ज्याला जुना स्वर म्हणतो, त्यातील काही भाग वाद्याचा नसून रेडिओचा आहे. मध्यम लहरींवरून येणारे गाणे वरचे बारीक स्वरांश गाळूनच घरात येई. उलट, बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंपते आणि घरगुती रेडिओच्या छोट्या कर्ण्याला एवढा खालचा स्वर काढताच येत नसे. मग आपण तो ऐकला कसा? त्या स्वराचे वरचे स्वरांश कानी पडले की खालचा मूळ स्वर आपले मन स्वतःच भरून काढते. म्हणजे बालपणी ऐकलेला तो खर्ज काही अंशी आमच्याच कानांनी रचलेला होता. म्हणून नेमका रेडिओतला आवाज आणण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. बुवांचा शब्द स्पष्ट ऐकू येतो की नाही, एवढीच कसोटी ठेवली.

ती कसोटी उतरायला वाद्याइतकाच हाताचा संयमही लागला. पेटीची पट्टी काळी एक असली, तर खर्जाचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर सापडतो आणि त्याच पडद्यावर पलीकडच्या जाड तारेवर खालचा पंचम मिळतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांपैकी पहिलीवर षड्ज, पाचवीवर पंचम. बाकी हात थांबलेला. बोटे चपळ असलेल्या तरुणाला असे थांबणे किती जड जाते, हे आम्ही समोर बसून पाहिले आहे.

मंडळातील सर्वांनाच हे रुचले असे नाही. वीणा, टाळ, मृदंग यांपलीकडे जाऊ नये, असे म्हणणारे वडीलधारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात निष्ठा आहे. आम्ही त्यांना इतकेच सांगितले, की पेटीही युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. तरी भजनाने तिला सोडले नाही. बेस गिटार पखवाजाची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र आम्हांसही मान्य आहे. म्हणून पखवाज असेल त्या अभंगाला गिटारने गप्प बसावे किंवा केवळ षड्ज धरावा, असे ठरले. पुतण्यानेही आपण होऊन काकांपाशी डाव्या हाताचे बोल शिकायला आरंभ केला आहे.

तो पुढेमागे नोकरीसाठी हैदराबादेस जाईल. आमच्याकडची बहुतेक मुले जातात. तोवर त्याच्या हाती किती येईल, हे सांगता येत नाही. परंतु आपल्या पंचक्रोशीतील इतर मंडळांच्या घरांतही गिटार शिकलेली मुले असतील. त्यांचे वाद्य गोंगाटाचे म्हणून त्यांना दाराशी थांबविण्यापूर्वी घोडीजवळ स्पंजाची एक पट्टी ठेवायला सांगावी, 'टोन'चे बटण उतरवायला लावावे आणि एक अभंग पूर्ण ऐकावा, एवढीच वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे.