यात्रेची गाडी पेट्रोलवर

यात्रेची गाडी म्हणजे डिझेलचीच, हे मत मी आयुष्याचा बराच काळ बाळगलं. दुसऱ्यांना पटवलं, भावकीतल्या दोघातिघांना त्या मतावर गाड्याही घ्यायला लावल्या. आज ते मत माझं राहिलेलं नाही. आमच्यासारख्या फिरत्या दुकानदाराला छोटी मालगाडी घ्यायची असेल तर ती पेट्रोलची घ्यावी, असं मी आता उघडपणे सांगतो. तुळजापुरात हे बोललं की जुने ड्रायव्हर वाद घालायला बसतात. त्यांचा अनुभव खरा आहे, म्हणून मलाही माझं म्हणणं नीट मांडलं पाहिजे.

आमचा धंदा कवड्यांच्या माळा, परड्या, हळद-कुंकू, बांगड्या आणि पोरांच्या खेळण्यांचा. देवीच्या दारात दुकान आहे, पण वर्ष निघतं ते यात्रांवर. शारदीय नवरात्र आणि अश्विनी पौर्णिमा घरचीच. पौषात शाकंभरी नवरात्र, त्याच्या आगेमागे सोलापूरची गड्डा यात्रा आणि नळदुर्गजवळ मैलारपूरचा खंडोबा, चैत्रात येरमाळ्याची येडाई, आषाढात पंढरपूर. यात्रेला गेलो की मुक्काम गाडीतच. हौद्यावर लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्री, खाली फळ्या टाकून माल, मालावर पुन्हा फळ्या आणि त्यावर अंथरूण. कोपऱ्यात छोटा गॅस, पाण्याचा जार, बॅटरीवरचा बल्ब. परदेशात लोक गाडीच्या मागं चाकांवरचं घर जोडून हिंडतात, त्याला कॅम्पर म्हणतात. आपल्या राज्य सरकारनंही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. यात्रेतले दुकानदार मात्र कुठल्याही धोरणाआधीपासून असेच राहत आले आहेत. आधी बैलगाडीत, मग टेम्पोत, आता पिकअपमध्ये.

अशा गाडीला डिझेल इंजिन हवं, यामागं त्या वेळी पक्की कारणं होती. पहिलं भावाचं. 2012 च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल 41 च्या आत होतं. लिटरमागं बत्तीस रुपयांचा फरक असताना मालवाहू गाडी पेट्रोलवर चालवणारा माणूस शोधून सापडला नसता. दुसरं कारण ओढीचं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देतं. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिन ओरडत नाही, आपल्या ठेक्यात चढतं. तिसरं, ते इंजिन साधं होतं. पंप, नोझल, फिल्टर एवढं ज्याला कळलं तो मिस्त्री. 2005 मध्ये टाटा एस आली, गावोगाव तिला छोटा हत्ती म्हणू लागले, तीही दोन सिलिंडरची डिझेलचीच. आमच्या पिढीच्या डोक्यात मालगाडी आणि डिझेल हे समीकरण असं पक्कं बसलं.

मग एकेक कारण सुटत गेलं. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण 2010 मध्येच उठलं होतं, डिझेलवरचं ऑक्टोबर 2014 मध्ये उठलं. आज आमच्या भागात दोन्हींच्या भावातला फरक बारा-पंधरा रुपयांच्या घरात आहे. खरा बदल मात्र 1 एप्रिल 2020 ला झाला. त्या दिवसापासून देशात गाड्यांच्या धुराबाबतचा बीएस-6 हा नियम लागू झाला आणि डिझेल इंजिनाचं साधेपण संपलं. मारुतीनं तर त्या वेळी डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं.

बीएस-6 च्या डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारं फिल्टर असतं. मिस्त्री त्याला डीपीएफ म्हणतात. आत भाजलेल्या मातीची बारीक जाळी असते आणि काजळी तिच्यात साठत जाते. ती जाळून टाकायला आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि एवढी उष्णता गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात चालली तरच तयार होते. पुण्याहून हैदराबादला माल नेणाऱ्या गाडीत हे काम आपोआप होतं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. यात्रेच्या गाडीचं उलट असतं. ती तासा-दीड तासाच्या वाटेवर जाते, शेवटचे दोन किलोमीटर गर्दीत पहिल्या गिअरमध्ये सरकते, जागा मिळाली की चार-पाच दिवस एका जागी उभी राहते. मधे कधी पाणी आणायला, कधी पोलिसांनी हटकलं म्हणून शंभर पावलं पुढं. थंड इंजिन चालू करायचं आणि लगेच बंद करायचं, यासारखं काजळी वाढवणारं दुसरं काही नाही.

मी बीएस-6 ची डिझेल पिकअप घेतली होती. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही, हा त्या तंत्राचाच स्वभाव आहे. येरमाळ्याच्या यात्रेत रांगेत असताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीची ताकद उतरली, ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन वर चढेना. मिस्त्री फोनवर म्हणाला, गाडी हायवेला काढा आणि चौथ्या गिअरमध्ये पळवा. यात्रेत एकदा जागा सोडली की ती गेलीच. तरी बायकोला मालाजवळ बसवून मी रिकामी गाडी हायवेवर पळवत राहिलो, फक्त काजळी जाळायला. दिवा विझला. पुढच्या यात्रेत पुन्हा लागला. गाडीत बिघाड नव्हता. ती ज्या कामासाठी बनली होती ते काम मी तिला देत नव्हतो. माझ्या विचाराला पहिला धक्का तिथं बसला.

उरला घाट. डिझेलच्या बाजूनं बोलणारे सगळे शेवटी घाटावर येतात, आणि तो मुद्दा खरा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. पंचेचाळीस किलोमीटरच्या त्या वाटेत कस लागतो तो शेवटी, बालाघाटाच्या अंगावर चढताना. पण आकडे समोर ठेवून बघा. मारुतीची सुपर कॅरी 2016 मध्ये आली तेव्हा तिच्यात 793 सीसीचं डिझेल इंजिन होतं. ताकद 32 अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर 75 न्यूटन मीटर, तोही 2000 फेऱ्यांवर. त्याच गाडीत आज 1197 सीसीचं पेट्रोल इंजिन येतं. ताकद 80 अश्वशक्तीच्या जवळ, जोर 104 न्यूटन मीटर, पण 2900 फेऱ्यांवर. म्हणजे जोर कमी नाही, तो जरा वरच्या फेऱ्यांवर मिळतो. डिझेलवर हात बसलेला ड्रायव्हर सवयीनं लवकर वरचा गिअर टाकतो, गाडी दबते, आणि तो म्हणतो पेट्रोलला दम नाही. घाट सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाकावा आणि इंजिनाला फिरू द्यावं. आवाज वाढतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

उतरतानाचा फायदा तर मला पेट्रोलची गाडी चालवल्यावरच समजला. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की आत येणाऱ्या हवेची वाट जवळपास बंद होते. इंजिन बंद वाटेतून हवा ओढायला धडपडतं आणि गाडीला मागं धरतं. डिझेलमध्ये हवेची वाट सहसा मोकळीच असते. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना ब्रेकवर पाय कमी जातो आणि ड्रम तापत नाहीत.

टेक्सासात राहणारा माझा भाचा सुट्टीत कॅम्पर ओढत हिंडतो. त्याची पिकअप पेट्रोलची आहे हे ऐकून मला नवल वाटलं होतं, कारण अमेरिकेत ओढायच्या कामाला डिझेल मानतात अशी माझी समजूत होती. फोर्डनं 2020 च्या आपल्या मोठ्या पिकअपमध्ये 7.3 लिटरचं नवं पेट्रोल इंजिन दिलं, 430 अश्वशक्तीचं. त्याच गाडीच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क दुपटीहून जास्त आहे, पण त्यासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागतात, आणि तिकडं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं. भाचा म्हणाला, मामा, वर्षातले थोडे दिवस ओढायचं, बाकी गाडी घरी उभी. एवढ्यासाठी डिझेल कशाला? कोलोरॅडोत राहणारा असता तर त्याचं उत्तर वेगळं असतं. तिथला आयझेनहॉवर बोगदा 3400 मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन विरळ हवेत तिथवर जाईपर्यंत आपली जवळपास तिसरा हिस्सा ताकद गमावतं. आपल्या साडेसहाशे मीटरवर हे नुकसान पाच-सहा टक्क्यांचं. भाच्याचं बोलणं ऐकून मी पहिल्यांदा इंजिनाऐवजी गाडीच्या वर्षभराच्या दिनक्रमाचा विचार करू लागलो.

खर्च लपवत नाही. पेट्रोल गाडी जास्त पिते. धरून चला, डिझेल 91 रुपये आणि गाडी लिटरला 17 किलोमीटर देते. पेट्रोल 104 रुपये आणि 14 किलोमीटर. किलोमीटरमागं दोन रुपये जास्त जातात. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्याला हा फरक साडेबारा हजारांच्या आत पडतो. डिझेल गाडीची जास्तीची किंमत, तिच्यावरचं व्याज आणि फिल्टरच्या खेपा धरल्या तर तो सहज भरून निघतो. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र तोच फरक ऐंशी हजारांवर जातो, आणि त्यानं डिझेलच घ्यावं. रोज सोयाबीन किंवा द्राक्षं घेऊन सोलापूर गाठणाऱ्याला मी पेट्रोल सुचवणार नाही. दीड टन भरायची सवय असलेल्यालाही नाही. छोट्या पेट्रोल गाडीला पाऊण टनाच्या आसपासची मर्यादा असते, ती पाळावी लागते.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्याला लागू आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, भरून ठेवावी आणि मधून गाडी चालवून आणावी. सीएनजीचाही विचार केला होता. भाव परवडतो, पण यात्रेच्या दिवसांत पंपावरच्या रांगेत उभं राहणं आम्हाला जमत नाही, आणि गॅसवर घाट चढताना ताकद आणखी कमी होते.

या सगळ्यापेक्षा मला जवळचं वाटणारं कारण वेगळं आहे. यात्रेत गाडीला गाडी लावून संसार झोपलेले असतात. जुनी डिझेल पिकअप पहाटे चालू झाली की काळा धूर शेजारच्या ताडपत्रीत शिरायचा. बाया पदर नाकाला लावून उठायच्या, तान्ही पोरं खोकायची. कित्येक वर्षं हे आम्ही यात्रेचाच भाग समजलो. आता पेट्रोलची गाडी चालू होते आणि शेजारचं लेकरू झोपेतून हलत नाही. हे मला हिशोबातल्या रुपयांहून मोठं वाटतं.

पण याच ठिकाणी कळकळीनं सांगतो: धूर दिसत नाही म्हणजे तो नाही असं समजू नका. पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. फोन चार्ज करायला किंवा थंडीत ऊब म्हणून इंजिन चालू ठेवून ताडपत्रीखाली कुणीही झोपू नये. माणूस झोपेतच जातो.

आपल्यातली तरुण पोरं आता कर्ज काढून पहिली गाडी घेत आहेत. त्यांना माझी विनंती आहे. वडील काय वापरत होते आणि मित्रानं काय घेतलं हे क्षणभर बाजूला ठेवा. आपली गाडी वर्षात किती चालणार, एका दमात किती लांब जाणार आणि किती दिवस उभी राहणार, हे आधी कागदावर लिहा. मग शोरूममध्ये जाऊन रिकामी गाडी बाजारपेठेतून फिरवून आणू नका. नेहमीच्या वजनाइतकी पोती तिच्यात भरा, तुळजापूरचा घाट चढा, उतरा, आणि मग बुकिंगचे पैसे भरा. विक्रेता याला तयार नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा.