रीडिंग किती आलं?

इंजिनिअर माणूस विमानात खिडकीशी बसला की दोघांना त्रास होतो. एक त्याला स्वतःला, कारण पंख वरखाली हलताना दिसतो आणि तो का हलतोय हे त्याला ठाऊक असतं. दुसरा शेजारच्याला, कारण ते सांगितल्याशिवाय याला राहवत नाही.

दिवाळीनंतर नागपूरला जाताना शेजारी एक काका होते. पहिलाच विमानप्रवास. ढगांत गचके बसायला लागल्यावर त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाले, "अहो, पंख हालतोय."

"हालायलाच पाहिजे काका. नाही हालला तर काळजी करायची."

हे वाक्य मी धीर द्यायला बोललो होतो. परिणाम उलटा झाला. मग मला सगळंच सांगावं लागलं. नवीन मॉडेल प्रवाशांसाठी येण्याआधी एक अख्खं विमान हँगरमध्ये जखडून ठेवतात आणि त्याचे पंख यंत्रांनी वर ओढतात. आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकेल, त्याच्या दीडपट. तो निदान तीन सेकंद झेलला तर पास. बोइंग ७८७ च्या अशा चाचणीत, २०१० साली, पंखांची टोकं सुमारे २५ फूट वर वाकली होती. म्हणजे दोन मजल्यांपेक्षा जास्त. शिवाय चालू इंजिनात मेलेले पक्षी तोफेतून मारून बघतात, ते वेगळंच. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि बेल्ट आणखी एक बोट आवळला.

त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती इथे सांगतो. फेब्रुवारी २००६. फ्रान्समधल्या तुलूझला एअरबस ए३८० चा पंख असाच वाकवत होते. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, अब्जावधी युरो ओतलेले, गिऱ्हाइकं दारात उभी. दीडपट भार हवा होता. पंख मोडला साधारण १.४५ ला. बस, तीन टक्के कमी पडले. आणि कंपनीने काय केलं? १.४५ ला मोडला असं सांगितलं, पंखात सुमारे ३० किलोची मजबुती वाढवली आणि पुढे गेली.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा प्रयोग आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असता तर पहिल्याच झटक्यात १.५ आलं असतं. कदाचित १.५०२. अगदी तंतोतंत आलं तर सरांना संशय येतो ना!

ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय ते आता गालात हसत असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये वेंचुरीमीटर नावाचा प्रकार होता. पाइप मध्येच आवळलेला, त्यातून पाणी सोडायचं, दोन ठिकाणच्या दाबातला फरक पाऱ्याच्या नळीत बघायचा, टाकी भरायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर मोजायचं. प्रत्यक्ष वाहिलेलं पाणी भागिले पुस्तकी हिशोबाने वाहायला हवं होतं ते पाणी. उत्तर ०.९८ च्या आसपास यायला हवं, आणि काही झालं तरी १ च्या वर जाता कामा नये.

आमच्या लॅबमधलं ते यंत्र आमच्याहून वयाने मोठं. पाऱ्याच्या नळीत हवा अडकलेली, नळाचा वॉशर गेलेला. उत्तर यायचं १.१२. म्हणजे आमच्या कॉलेजचा पाइप निसर्गनियमापेक्षा बारा टक्के पाणी जास्त देत होता. दुष्काळी भागात लावला असता तर मराठवाड्याचा प्रश्न मिटला असता.

पण जर्नलमध्ये १.१२ कधीच दिसायचं नाही. लॅबचे मामा आधीच सांगून ठेवायचे, "पोरांनो, ०.९८ आणा, नाहीतर सर सही करत नाहीत." मग पोरं काय करायची? आधी ०.९८ लिहायची, मग तिथून उलटं गणित करत पाऱ्याच्या नळीपर्यंत यायची. मग दशांशात एक-दोन आकडे इकडचे तिकडे, म्हणजे नैसर्गिक वाटतं. खरे कष्टाळू लोक ग्राफवर एखादा बिंदू मुद्दाम रेषेच्या बाहेर ठेवायचे. ही कला होती. ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारणं, म्हणजे काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याचं ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवणं, हे त्यामानाने मजुरीचं काम. तिथे निदान मूळ ड्रॉइंग कोणीतरी खरं काढलेलं असायचं.

आमच्या बॅचमध्ये साताऱ्याकडचा एक पोरगा होता. त्याने जर्नलमध्ये १.१२ लिहिलं आणि खाली पेनाने, "नळीत हवा अडकली आहे." सरांनी लाल शाईत 'रिपीट' मारला. गडी संध्याकाळी थांबला, मामांच्या हातापाया पडून कॉक उघडला, नळीतली हवा काढली, पुन्हा सगळं मोजलं. ०.९६ आलं. अख्ख्या वर्षात त्या यंत्रावर झालेला तो एकमेव प्रयोग असावा. बाकी साठ जणांचं ०.९८ होतं आणि टर्मवर्कचे मार्क त्यांना जास्त होते.

आता विमानाकडे परत येऊ, कारण तिथे हे असलं चालत नाही असं नाही, पण चाललं की फार लवकर कळतं.

पेपरात उत्तराला युनिट लिहिलं नाही की अर्धा मार्क कापायचे, आठवतं? आपण तेव्हा चिडायचो. २३ जुलै १९८३ ला कॅनडात त्या अर्ध्या मार्काची गोष्ट घडली. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. देश तेव्हा पौंडावरून किलोवर येत होता आणि हे विमान त्यांच्याकडचं पहिलं किलोवालं. इंधन दाखवणारी यंत्रणा नेमकी बंद, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. ७,६८२ लिटर शिल्लक. लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन करायला १.७७ ने गुणलं, १३,५९७ आलं, उरलेलं इंधन भरलं, निघाले. गणित चोख. फक्त १.७७ हा आकडा पौंडाचा होता. किलोसाठी तो ०.८ च्या आसपास हवा. भरायचं होतं २०,०८८ लिटर, भरलं ४,९१६.

उडता उडता दोन्ही इंजिनं बंद पडली. ६९ माणसं आत. नशीब असं की कॅप्टन बॉब पिअर्सन यांना हौसेने ग्लायडर उडवायची सवय होती. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिम्ली नावाच्या गावातला हवाई दलाचा जुना तळ आठवला. तो तळ बंद होऊन तिथे गाड्यांच्या शर्यती होऊ लागल्या होत्या, आणि त्या दिवशी तिथे घरदार घेऊन लोक जमलेले. एवढं मोठं विमान, इंजिनाचा आवाज नाही, वरून हळूच येतंय. उतरलं. पुढचं चाक मुडपलं, नाक घासत गेलं, पण एकही माणूस दगावला नाही. विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत उडत होतं. मला यातली भारी गोष्ट वाटते ती ही, की त्यानंतर बसून प्रत्येक आकडा शोधला गेला. कुणी काय मोजलं, कशाने गुणलं, कोणत्या कागदावर लिहिलं. म्हणून तर मी आज इथे बसून ७,६८२ लिहू शकतो.

राइट बंधूंचंही तसंच. आपल्याला शाळेत '१७ डिसेंबर १९०३, १२ सेकंद, १२० फूट' एवढंच पाठ करायला लावलं. खरी गंमत त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. १९०१ साली त्यांचं ग्लायडर हिशोबाप्रमाणे उचललंच जात नव्हतं. हिशोबात एक आकडा होता, हवेच्या दाबाचा, ०.००५. अठराव्या शतकापासून चालत आलेला, मोठमोठ्या लोकांनी वापरलेला. सायकलच्या दुकानातले हे दोन भाऊ, हायस्कूलची पदवीसुद्धा हातात नाही, त्यांनी सहा फुटांची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत छोटे छोटे पंख ठेवून मोजत बसले. साधारण दोनशे आकार. मोजायचा काटा हॅकसॉच्या पात्यांचा आणि सायकलच्या तारेचा! आमच्या वर्कशॉपात हॅकसॉची पाती मोडली की दंड व्हायचा, इथे त्यातून विमान निघालं. त्यांना आकडा मिळाला ०.००३३ च्या जवळपास. जुना आकडा चुकीचा होता. आपण जर्नल लिहिताना ०.००५ च आणलं असतं, सही घेतली असती आणि पुढे बैलगाडीने घरी गेलो असतो.

इथे कोणीतरी कमेंटमध्ये शिवकर बापूजी तळपदे आणणारच, म्हणून मीच आणतो. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं असं आपण अभिमानाने सांगतो. मुंबईतल्या एका मराठी माणसाने त्या काळात विमानाचा ध्यास घेतला, याचं मला खरंच कौतुक आहे. पण मी इंजिनिअर आहे, माझा हात आपोआप जातो तो रीडिंगच्या रकान्याकडे. किती वजन, किती वारा, किती सेकंद? रकाना रिकामा. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव या गोष्टीशी जोडलं जातं, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये नीट तपासलं. श्रद्धेने नाही की टवाळीनेही नाही, आकडे घालून. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही असं निघालं. तरी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. तळपद्यांवर प्रेम असेल तर त्यांच्या वहीचा एक खरा कागद शोधून काढा, मी पहिला येईन बघायला.

असो. विमानं सोडा, आपण किती वेळा बसतो. पूल रोज ओलांडतो.

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला. सात जण गेले, कामावरून घरी निघालेले आणि कामावर चाललेले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं. त्यात पूल वापरायला ठीक, किरकोळ दुरुस्ती करा, असं लिहिलेलं होतं. ऑडिट निष्काळजीपणे झालं असं नंतर महापालिकेच्याच चौकशीत आलं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडलं, १७ जण गेले. मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२०. तिथे तर यंत्रसुद्धा नको होतं, टेप पुरली असती. अशा बातम्या आल्या की लोक भ्रष्टाचारावर बोलतात, ते बरोबरच आहे. मला मात्र हमखास आमची लॅब आठवते. आधी उत्तर, मग रीडिंग, मग सही. ज्याला चार वर्षं हेच करून मार्क मिळाले, त्याला चाळिसाव्या वर्षी पुलाखाली उभं राहून १.१२ लिहायला कोण शिकवणार? आणि त्याने लिहिलंच, तर वरचा साहेब 'रिपीट' म्हणेल की 'बदला' म्हणेल?

हे आज लिहायचं कारण घरचंच आहे. डोंबिवलीतली आमची सोसायटी ३४ वर्षांची. ऑडिट चालू आहे. ऑडिटला आलेली मुलगी सिव्हिलची, जेमतेम पंचविशीची. मी सुट्टी टाकून तिच्या मागे मागे फिरलो, बायकोच्या मते लहान मुलं जेसीबीमागे फिरतात तसा. तिने पार्किंगमधल्या खांबाचं प्लास्टर काढलं, काँक्रीट घासलं, रिबाऊंड हॅमर लावला. स्प्रिंगचा दणका बसतो, हातोडा किती उसळला त्याचा आकडा येतो. चाळीसच्या वर उत्तम, तीस ते चाळीस चांगलं, वीसच्या खाली काळजी, असा ढोबळ हिशोब. मग फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थलीन मारलं. हो, तेच, बारावीच्या टायट्रेशनमधलं! काँक्रीट धड असेल तर गुलाबी होतं. ए विंगला छान गुलाबी झालं, दोन काकू फोटो काढायला आल्या.

बी विंगच्या कोपऱ्यातल्या खांबाला रंगच आला नाही. हॅमरचा आकडा १९.

कमिटीतले एक गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांच्या ओळखीत दोन फ्लॅट विकायला काढलेत. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, बाकी सगळीकडे तिशी आहे, हेही तिशीत बसवता नाही का येणार? सरासरी काढा ना." ती काहीच बोलली नाही. त्यांच्या हातात टॉर्च दिला, खांबावर धरायला लावला आणि त्याच खांबावर आणखी नऊ ठिकाणी हॅमर मारला. १८, २०, १९, १७... एकेक आकडा मोठ्याने म्हणत वहीत लिहिला. काकांनी टॉर्च इमानदारीत धरला होता, हे मान्य केलं पाहिजे.

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर मीटिंग आहे. विषयपत्रिकेत 'ऑडिट रिपोर्ट स्वीकारणे' एवढंच आहे. रिपोर्टसोबत प्रत्येक खांबाच्या रीडिंगचा तक्ता सगळ्या सभासदांना मिळावा, असा अर्ज मी सेक्रेटरींना दिलाय. बासष्ट फ्लॅट आहेत. आजवर चार सह्या झाल्यात, त्यातली एक माझी आणि एक बायकोची. बी विंगवाल्यांनी तरी खाली येऊन तो खांब बघून जावा, प्लास्टर अजून उघडंच आहे.