रबराचं वय

माझ्याकडे 2002 ची होंडा सिटी व्हीटेक आहे. दीड लिटरचं इंजिन, 106 बीएचपी, वजन साधारण टनभर. ती शोरूममधून निघाली तेव्हा मी बालवाडीत होतो. इंजिनचा वेग वाढला की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि इनटेक व्हॉल्व्ह कॅमच्या मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. ते जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. आवाजच बदलतो. ताम्हिणीत रिकामा चढ मिळाला की दुसऱ्या गिअरमध्ये तो ऐकायचा, यासाठीच मी ती घेतली. आईच्या मते हे कारण पुरेसं नाही.

जुन्या गाडीत लोखंडाआधी रबर थकतं. गाडी उभी असली तरी त्याचं वय वाढतच असतं. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे होज, कूलंटचे पाइप हे सगळं दोन वर्षांत एकेक करून बदललं. टायमिंग बेल्ट मात्र पहिल्याच आठवड्यात, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, त्यामुळे आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबून चालत नाही.

ऑफिसात आम्ही लॉग वाचतो. काही फसलं तर मागच्या आवृत्तीवर जातो. गॅरेजवाले काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि म्हणतात, "बेअरिंग बोलतंय. दिवाळीपर्यंत काढेल." ते सत्तरीकडे झुकलेत. मुलगा बँकेत आहे. हाताखालच्या पोराला नव्या गाड्यांना स्कॅनर लावण्यात जास्त पैसे दिसतात, आणि त्याचं काही चुकत नाही.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं. तपासणी, पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. माझी पुढची तारीख 2027 ची. कागद होतील, सुटे भागही भंगारबाजारात शोधले तर मिळतील. काका गॅरेज किती दिवस उघडतील, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून हल्ली शनिवारी मी गाडी ठीक असली तरी जातो. काका मूठ माझ्या कानाला लावतात आणि विचारतात, "काय ऐकू येतंय?" टॅपेट आणि बेअरिंग यांतला फरक मला आता दहातल्या सहा वेळा कळतो.