साहेबाची बदली

विस्मरणाचा विकार जडलेले वडीलधारे माणूस ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा अनुभव नवा नसेल. सकाळचा नाश्ता झाला की नाही हे त्या माणसाला सांगता येत नाही. पण साठ वर्षांपूर्वी कोणत्या नाक्यावर ट्राम पकडली, ते बिनचूक सांगता येते. अलीकडचे आधी पुसले जाते आणि तारुण्यातले बराच काळ टिकून राहते. त्या टिकून राहिलेल्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी आपण जुनी छायाचित्रे काढतो, जुनी गाणी लावतो. शहरातील पुतळ्यांकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही.

मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा घ्या. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले, तो युवराजपदी असलेल्या सातव्या एडवर्डचा. अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ साली तो तेथून हलवण्यात आला. आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे. २०१७ साली जुन्या परिसरात नवा काळा घोडा बसवला गेला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तरुणपणी फोर्टमधील एका कचेरीत कारकून होते. आता ते मला आपली थोरली बहीण समजतात आणि ‘आक्का’ म्हणून हाक मारतात. एका रविवारी त्यांना काळा घोड्याला नेले, तेव्हा रिकाम्या पाठीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘आक्का, साहेब उतरून गेला गं.’’ त्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नव्हते. साहेब खरोखरच उतरून गेला होता.

पुढच्या रविवारी राणीच्या बागेत गेलो. झाडांच्या सावलीत साहेब आपल्या घोड्यावर जसाच्या तसा. अण्णांनी काठी टेकली आणि एखादा जुना सहकारी भेटावा तसे म्हणाले, ‘‘हात्तिच्या! इथं बदली झाली होय याची!’’ त्यानंतरचा अर्धा तास त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. साखरपुडा झाल्यावर आईला प्रथम एकटे भेटण्याचे ठिकाण ‘घोड्याखाली’ असे ठरले होते. आई गिरगावातून निघाली आणि वाट चुकून फ्लोरा फाउंटनच्या कारंज्याशी उभी राहिली. अण्णा दीड तास घोड्याखाली. शेवटी तेच शोधत तिकडे गेले, तर ती रडवेली होऊन फ्लोरादेवीकडे पाठ करून उभी होती. आई जाऊन अकरा वर्षे झाली. ही हकीकत आम्हा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती.

परतताना टॅक्सी भायखळ्याच्या खडा पारशीवरून गेली. उंच खांबावरचा हा पुतळा शेठ कर्सेटजी माणकजी यांचा. त्यांच्या मुलाने, माणकजी कर्सेटजी यांनी, तो वडिलांच्या स्मरणार्थ उभारला. मी हे सांगितल्यावर अण्णा खिडकीतून वर पाहत म्हणाले, ‘‘इतक्या उंच कशाला चढवलं बापाला? बोलणार कसं त्याच्याशी?’’

म्हाताऱ्या माणसाने मागे वळून पाहणे म्हणजे मन दुबळे झाल्याची खूण, असे एके काळी वैद्यकातही मानले जाई. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एका लेखात याच्या उलट मांडणी केली: उतारवयात आयुष्याची उजळणी होणे स्वाभाविक आहे आणि माणसाला तिचा उपयोग होतो. पुढे आठवणींवर आधारलेल्या उपचारपद्धती रुजल्या. त्यांनी विकार बरा होत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. अण्णांनी घरी आल्यावर पुन्हा विचारले, जेवण झाले का. तेव्हा ते नुकतेच जेवून उठले होते.

पुतळे केवळ गोड आठवणीच जाग्या करतात असेही नाही. हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांच्या शिल्पासमोर अण्णांचा हात थरथरू लागला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर याच परिसरात गोळीबार झाला. एकोणीस वर्षांचे अण्णा गर्दीतून धावत सुटले होते, एका पायात चप्पल होती. ‘‘शेजारचा पडला,’’ एवढेच ते म्हणाले. कोण पडला, हे मी विचारले नाही. त्यांचा हात हातात घेतला, सावलीत बसवले, पाणी दिले. पाचेक मिनिटांनी त्यांनीच चहाचा विषय काढला.

आपणही अशा फेरीला निघणार असाल, तर ‘हे आठवतं का?’ असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि नापास होण्याची भीती त्या माणसाला आपल्यापेक्षा अधिक असते. ‘केवढा मोठा घोडा!’ एवढे म्हणून थांबावे. सनावळी चुकली तर चुकू द्यावी. फोर्टात रविवारी सकाळी रहदारी कमी असते. ऊन चढण्याआधी परतावे. एका दिवशी एकच पुतळा पुरे. स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे, कारण त्या काळजीनेच कित्येक वृद्ध घराबाहेर पडायला नकार देतात. चाकाची खुर्ची असेल, तर पदपथावर चढण्याची सोय कोठे आहे तेही पाहावे. बाहेर पडणे शक्यच नसेल, तर त्या चौकाचे जुने छायाचित्र मोठे करून आणावे आणि खिडकीपाशी उजेडात दाखवावे. मुंबईच हवी असेही नाही. आपल्या गावच्या स्टँडसमोरचा पुतळाही चालेल. आम्ही येत्या रविवारी गेटवेजवळच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे जाणार आहोत. १९६१ साली त्याचे अनावरण झाले, तेव्हा अण्णा कोठे होते, हे मला अजून कळलेले नाही.