गाडीतील गारवा आणि घरातील ज्येष्ठ

वैशाखाच्या उन्हात वृद्ध माणसाला रुग्णालयात नेताना गाडीतील एसी ही चैन राहत नाही. माझे सासरे ८२ वर्षांचे; त्यांना दमा आहे. गेल्या उन्हाळ्यात एसी लावताच ओलसर, कुबट वास येऊ लागला आणि अर्ध्या वाटेत त्यांना खोकल्याची उबळ आली. काच उघडावी तर ऊन, लावावी तर वास!

हा वास कोठून येतो, हे आपण जाणून घ्यावे. डॅशबोर्डच्या आतील थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. नळी तुंबली किंवा कॉइल ओली राहिली, की धुळीच्या थरावर बुरशी धरते. बहुतेक गाड्यांत हवा गाळणारा केबिन फिल्टर असतो, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. आमचा काळाकुट्ट झाला होता. तो हवेच्या झोताने झटकून पुन्हा बसवू देऊ नये, नवाच घालावा. हे काम मास्क लावून घरीही करता येते.

गॅसचे काम मात्र घरी कदापि करू नये. बऱ्याच गाड्यांतील आर-१३४ए हा वायू उणे २६ अंशांला उकळतो. द्रवरूपात डोळ्यांवर किंवा त्वचेवर उडाल्यास हिमदाह होतो. ज्वाळेत सापडल्यास त्यापासून विषारी वायू बनतात. “गॅस कमी झालाय, भरून देतो,” असे आम्हांलाही सांगण्यात आले. मी विचारले, “गेला कुठे?” बंद नळ्यांतून फिरणारा हा वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो इतकेच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहे आणि ती आधी शोधायला हवी. चांगला कारागीर उरलेला गॅस यंत्राने काढून घेतो, गळती दुरुस्त करतो, नळ्या निर्वात करतो आणि बॉनेटखालील पट्टीवर दिलेल्या वजनाइतकाच गॅस भरतो. अंदाजाने भरणाऱ्याकडे, स्वस्त पडले तरी, मी जात नाही.

काम चालू असताना सासरे म्हणाले, “मी बसतो की गाडीतच.” त्यांना रिक्षाने घरी धाडले. कॉइलवर फवारतात त्या औषधाचा उग्र दर्प दम्याला सोसत नाही. त्यानंतर दारे उघडी ठेवून, पंखा चालवून गाडी पुरती वारवावी आणि मगच रुग्णाला बसवावे. मात्र बंद गॅरेजमध्ये यासाठी इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो जीवघेणा असतो.

घर तीन-चार मिनिटांवर आले, की आम्ही एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो. त्याने कॉइल सुकते. रणरणत्या दुपारी, ज्येष्ठ सोबत असताना, हा नियम खुशाल बाजूला ठेवावा. कॉइल त्यांना उतरवून दिल्यावरही सुकवता येते.